जहाज शेतात कसं आलं? समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीतल्या गलबतांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेदरलँड्सच्या फ्लेव्होलँड प्रांतात बटाटे, कांदे आणि साखरबीट पिकवणाऱ्या शेतांखाली आजवर सुमारे साडेचारशे बुडालेली गलबतं सापडली आहेत. जमिनीवरचं जगातलं सर्वांत मोठं जहाजांचं स्मशान म्हणून या भागाची ओळख करून देतात. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस जे प्रश्न विचारतो, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्यात सलग आणि सगळ्यात जास्त माहिती तिथलीच हाताशी आहे, म्हणून बराचसा मजकूर फ्लेव्होलँडचा. मधूनमधून सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, इस्तंबूल आणि नामिबियाचा किनाराही येईल.

जमिनीत जहाज येतंच कसं?

जहाज बुडालं तिथेच असतं, समुद्र तिथून निघून जातो.

समुद्राकडून जमीन घेण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला म्हणजे उथळ पाण्याभोवती बांध घालायचा, आतलं पाणी पंपांनी उपसायचं आणि तळच उघडा करायचा. अशा जमिनीला पोल्डर म्हणतात. ती समुद्रसपाटीच्या खालीच राहते, फ्लेव्होलँडमध्ये तर कित्येक ठिकाणी तीन ते पाच मीटर खाली, त्यामुळे पंप कायमचे चालू ठेवावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे भराव: किनाऱ्यालगत माती, दगड, राडारोडा, जे मिळेल ते टाकत जायचं आणि काठ पुढे सरकवायचा.

दोन्हीकडे मिळणारी जहाजं वेगळ्या स्वभावाची असतात. पोल्डरमधली बहुतेक अपघातात बुडालेली. माल, भांडीकुंडी, खलाशाचे बूट, सगळं जिथल्या तिथे. भरावातली बरीचशी मात्र बुडालेली नसतातच. ती म्हातारी झाली म्हणून टाकून दिलेली असतात, किंवा भराव धरून ठेवायला मुद्दाम तळाशी बसवलेली असतात. बातमीत दोघांनाही ‘जहाजाचे अवशेष’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो.

फ्लेव्होलँडमध्येच इतकी का?

कारण तिथे झायडरझे नावाचा समुद्र होता आणि तो लबाड होता. मध्ययुगातल्या, विशेषतः बाराव्या-तेराव्या शतकातल्या मोठ्या पुरांनी पीटची (म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, वाळवून जळण म्हणून वापरतात ती) मऊ जमीन खाऊन टाकली आणि देशाच्या पोटात हा आखातासारखा समुद्र तयार झाला. त्याच्या काठाने कांपेनसारखी व्यापारी शहरं वाढली, पुढे ॲमस्टरडॅम वाढलं, आणि बाहेरच्या समुद्राकडे जाणारं प्रत्येक तारू या पाण्यातून जायचं. धान्य, विटा, पीट, मासे, गुरं, प्रवासी, सगळी वाहतूक इथूनच.

खोली मात्र बऱ्याच ठिकाणी जेमतेम तीन ते पाच मीटर. खोल समुद्रात लाट लांब असते आणि जहाज तिच्यावर चढतं-उतरतं. उथळ पाण्यात वायव्येचं वादळ सुटलं की लाटा आखूड, उंच आणि एकीला लागून एक येतात. बोटीला सावरायला सवडच मिळत नाही. त्यातून दिशा चुकली की वाळूचा उंचवटा ठरलेला. हिवाळ्यात वाहत्या बर्फाचे तुकडे फळ्या फोडायचे, ते वेगळंच.

शतकानुशतकांची ही रहदारी लक्षात घेतली तर साडेचारशे हा आकडा मला मोठा वाटत नाही. बुडालेल्या कितीतरी जहाजांचा माल आणि लाकूड त्या काळीच वर काढून विकलं गेलं असणार. उथळ पाण्यात ते सोपं होतं.

तो समुद्र आटवला कधी?

तो आटवला, पण टप्प्याटप्प्याने आणि अर्धवट. अभियंता कॉर्नेलिस लेली यांनी १८९१ मध्ये योजना मांडली. ती कागदावरच राहिली. जानेवारी १९१६ च्या पुराने काठची गावं बुडवली, युद्धामुळे धान्याची टंचाईही होती, आणि १९१८ मध्ये कायदा झाला. आफ्सलाउटडाइक हा सुमारे ३२ किलोमीटरचा बांध २८ मे १९३२ रोजी पुरा झाला. खारा समुद्र बाहेर राहिला. आत नद्यांच्या पाण्याने हळूहळू गोड होत गेलेलं तळं उरलं, त्याचं नाव आयसेलमेअर.

त्यानंतर एकेक पोल्डर कोरडा झाला. वीरिंगरमेअर त्याआधीच, १९३० मध्ये झाला होता. नोर्डओस्टपोल्डर १९४२ मध्ये, पूर्व फ्लेव्होलँड १९५७ मध्ये आणि दक्षिण फ्लेव्होलँड १९६८ मध्ये. यांतले शेवटचे तीन मिळून १ जानेवारी १९८६ पासून फ्लेव्होलँड प्रांत झाला. राजधानी लेलिस्टाड, म्हणजे लेलींचं शहर.

नोर्डओस्टपोल्डर कोरडा झाला तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात होता. चिखलात खणायला माणसं हवीत या सबबीखाली सक्तीच्या मजुरीपासून पळालेले पुष्कळ तरुण तिथे दडले. पोल्डरच्या ‘एनओपी’ या आद्याक्षरांवरून लोकांनी त्याला ‘लपणाऱ्यांचं नंदनवन’ असं नाव ठेवलं. जुन्या गलबतांच्या फळ्यांवर पहिली कुदळ पडली ती या काळात.

ती सापडतात कोणाला?

चर खणणाऱ्याला. पुरातत्त्वज्ञ नंतर येतो.

पाणी उपसल्यावर तळ म्हणजे नुसता राडा असतो, माणूस मांडीपर्यंत रुतेल असा. तो वाळावा म्हणून पूर्व आणि दक्षिण फ्लेव्होलँडमध्ये विमानातून बोरूचं, म्हणजे पाणथळीतल्या वेताचं, बी फेकलं. बोरू जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडतो आणि चिखलाला भेगा पडून हवा खोल जाते. मग ठरावीक अंतरावर निचऱ्याचे चर खणायचे. जमिनीचे मोठमोठे आयताकृती गट पाडलेले असल्यामुळे चरांची जाळी सगळ्या प्रदेशावर पडली. असं एकसारखं खणलेला समुद्रतळ जगात दुसरा नसेल. कुदळीला किंवा यंत्राला लाकूड लागलं की मजुराने कळवायचं, असा शिरस्ता बसला.

जे चरांच्या मधे राहिले ते पुढे नांगराला लागले. याचं कारण गमतीचं आहे. चिकणमाती वाळते तशी आक्रसते आणि सगळी जमीन खाली बसते, काही ठिकाणी मीटरभर किंवा त्याहूनही जास्त. खालच्या घट्ट थरावर टेकलेलं जहाज मात्र तेवढं खचत नाही. म्हणून दरवर्षी ते वर येतंय असं वाटतं. जहाज आहे तिथेच असतं आणि शेत त्याच्यापर्यंत उतरत जातं. आजोबांच्या नांगराला जे लागलं नव्हतं ते नातवाच्या नांगराला लागतं, ते यामुळे.

प्रत्येक जहाजाचं नाव कळतं का?

क्वचित. नाव बहुधा पाठीमागच्या फळीवर रंगवलेलं असायचं आणि चिखलाच्या वर उरलेला भाग सर्वांत आधी नष्ट होतो. म्हणून जहाजाला शेताच्या गटाचा क्रमांक देतात, एखादं अक्षर आणि आकडा: बी ७१ वगैरे. ज्या जहाजावर माणसं जन्मली, भांडली, मेली, त्याची ओळख सातबाऱ्यावरच्या नोंदीसारखी होऊन बसते. मला हे नेहमी थोडं खटकतं, पण दुसरा प्रामाणिक मार्गही दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या काही जहाजांचं नाव कागदपत्रांशी ताडून लावता येतं.

खजिना सापडतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. फ्लेव्होलँडपुरतं उत्तर: नाही. ही मालवाहू आणि मासेमारीची गलबतं होती. त्यांच्यात विटा होत्या, पीट होतं, मडकी होती.

पण एक अपवाद सांगायलाच हवा, तोही समुद्र हटवलेल्या जागीच मिळालेला. नामिबियात ओरान्येमुंडजवळ हिऱ्यांच्या खाणीसाठी वाळूचे प्रचंड बांध घालून अटलांटिक महासागर मागे रेटतात आणि उघडा पडलेला तळ खडकापर्यंत खरवडतात. एप्रिल २००८ मध्ये तिथे एक पोर्तुगीज जहाज निघालं. दोन हजारांहून जास्त सोन्याची नाणी, शंभरावर हस्तिदंत, तोफा, आणि टनावारी तांब्याचे अर्धगोल. त्या तांब्यावर आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांची त्रिशूळासारखी खूण होती. नाण्यांवरून काळ सोळाव्या शतकाचा दुसरा चतुर्थांश ठरला. लिस्बनहून १५३३ मध्ये हिंदुस्थानाकडे निघालेलं आणि कधीच न पोचलेलं ‘बोम जेझूस’ ते हेच असावं, असं मानतात.

अभ्यासकांना त्यातल्या सोन्यापेक्षा हस्तिदंतांनी जास्त सांगितलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात ते पश्चिम आफ्रिकेतल्या वनहत्ती या जातीचे, सतरा वेगवेगळ्या कळपांचे निघाले. थंड समुद्र आणि वरून तांब्याचा भार, म्हणून ते पाच शतकं टिकले. तांबं लाकूड-हाडं कुजवणाऱ्या जिवांना मानवत नाही. ज्या तांब्याच्या ओझ्याने जहाजाला तळाशी धरून ठेवलं, त्यानेच आतलं राखलं.

मग फ्लेव्होलँडच्या जहाजांत काय असतं?

संसार. बऱ्याच मालवाहू बोटींवर तांडेल बायकापोरांसकट राहायचा, आणि बोट बुडाली ती भरल्या घरासारखी. तीन पायांची मातीची पातेली, तवे, चमचे, पांढऱ्या मातीच्या चिलमी, चामड्याचे बूट, सुतारकामाची हत्यारं, जाळ्याची वजनं, चूल आणि चुलीभोवतीच्या फरशा.

राजवाड्यातली भांडी वस्तुसंग्रहालयांत भरपूर आहेत, कारण ती कोणीतरी जपली. गरिबाचं पातेलं फुटेपर्यंत वापरलं जातं आणि मग उकिरड्यावर जातं. ते अखंड, त्याच्या जागेवर, बाकीच्या भांड्यांच्या संगतीत आणि एका ठरावीक दिवसाच्या स्थितीत सापडणं जवळजवळ अशक्य असतं. बुडालेलं गलबत नेमकं तेच करतं. घर उकरलं तर तिथे दोनशे वर्षांची उलथापालथ एकमेकांत मिसळलेली मिळते. बोटीत एकाच दुपारचा संसार मिळतो. एखाद्या खलाशाकडे किती ताटल्या होत्या, पैकी किती डागडुजी केलेल्या, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेलं नाही. सोन्यासाठी हळहळणाऱ्यांना मी हेच सांगत असतो आणि बहुतेकांचा विरस होतो.

कोणत्या प्रकारची जहाजं मिळाली आहेत?

जुन्यातली सर्वांत नावाजलेली म्हणजे कॉग. रुंद पोटाची, सपाट तळाची, एकच डोलकाठी आणि एकच चौकोनी शीड असलेली. उत्तर युरोपच्या हान्सा व्यापारी शहरांचा माल याच वाहायच्या. अशी चौदाव्या शतकातली एक कॉग दक्षिण फ्लेव्होलँडमध्ये नायकेर्कजवळ मिळाली. तिच्या मोजमापांवरून कांपेनमध्ये तशीच नवी कॉग बांधली, ती पाण्यात चालते.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो: वॉटरस्खिप, शब्दशः पाणजहाज. ही मासेमारीची दणकट बोट. हिच्या मधल्या कप्प्याच्या फळ्यांना मुद्दाम भोकं पाडलेली असायची. बाहेरचं पाणी त्या कप्प्यात खेळतं राहायचं आणि पकडलेले मासे बाजारापर्यंत जिवंत जायचे. कप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या आडभिंती घट्ट असल्या की बोट बुडत नाही. जड जाळं ओढायची ताकद असल्यामुळे या बोटींना दुसरं काम मिळालं. ॲमस्टरडॅमच्या तोंडाशी पाम्पुस नावाचा गाळाचा उथळ पट्टा होता आणि मोठी व्यापारी जहाजं तिथे अडायची. सतराव्या शतकाच्या शेवटी युक्ती निघाली. जहाजाच्या दोन बाजूंना पाण्याने भरलेल्या पोकळ तराफ्यासारख्या पेट्या आवळायच्या, त्यांतलं पाणी उपसायचं, म्हणजे पेट्या वर येतात आणि जहाजालाही उचलतात. या पेट्यांना ‘उंट’ म्हणत, आणि उंटांवर बसवलेलं जहाज ओढून न्यायला वॉटरस्खिपांचा ताफा लागे.

तिसरा प्रकार ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दोन शहरांमध्ये फेऱ्या करणाऱ्या बोटींचा. माल, टपाल, प्रवासी घेणारी ही त्या काळची एसटीच. याखेरीज टाल्क नावाच्या सपाट मालवाहू बोटी आणि असंख्य छोट्या होड्या.

जहाजाचं वय कसं ठरवतात?

तीन घड्याळं एकमेकांशी ताडून.

पहिलं घड्याळ लाकडाच्या वर्तुळांचं. ओक दरवर्षी एक वर्तुळ वाढवतो, पावसापाण्याप्रमाणे जाड किंवा बारीक. ही जाड-बारीक मालिका त्या प्रदेशातल्या जुन्या लाकडांच्या मालिकेवर बसवली की झाड कधी तोडलं ते कळतं, आणि कुठल्या जंगलातलं तेही. सालीलगतचं शेवटचं वर्तुळ टिकलं असेल तर वर्षापर्यंत नेमकेपणा येतो. मात्र हे झाड तोडल्याचं वर्ष, बुडाल्याचं नव्हे.

दुसरं घड्याळ सामानाचं. सर्वांत नव्या नाण्याच्या आधी जहाज बुडालेलं असूच शकत नाही. मडक्यांची आणि चिलमींची घडण दर काही वर्षांनी बदलायची, त्यावरूनही अंतर आवळता येतं. तिसरं घड्याळ तळाच्या गाळाचं. जहाज कोणत्या थरात रुतलं आणि कोणत्या थराने त्याला झाकलं, ते पाहायचं. झायडरझेचं पाणी काळानुसार कमी-जास्त खारट होत गेलं आणि त्याप्रमाणे गाळातले शिंपले बदलत गेले.

लाकडाच्या वर्तुळांची कमाल पाहायची तर न्यूयॉर्कला जावं लागतं. जुलै २०१० मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेवर, रस्त्याच्या पातळीखाली साधारण सहा-सात मीटरवर, लाकडी जहाजाचा सुमारे दहा मीटरचा तुकडा निघाला. त्याचा पांढरा ओक १७७३ च्या सुमारास, फिलाडेल्फियाच्या आसपास तोडलेला ठरला. ज्या मालिकेशी तो जुळला तिच्यात फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलमधलं लाकूड होतं. त्याच सभागृहात १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. म्हणजे ते सभागृह आणि ही बोट, दोघांचं लाकूड एकाच मुलखातलं. फळ्या मात्र समुद्री किड्यांनी पोखरलेल्या होत्या, यावरून बोट उष्ण पाण्यात जाऊन आली असावी. बांधल्यावर वीस-तीस वर्षांतच ती मॅनहॅटनच्या भरावात गेली.

पाण्यात लाकूड कुजतं, मग हे कसं टिकलं?

लाकडाला पाणी तेवढं मारत नाही जेवढी हवा मारते. कुजवणारी बुरशी आणि फळ्या पोखरणारे किडे, दोघांनाही प्राणवायू लागतो. मऊ गाळात जहाज रुतलं आणि वर आणखी गाळ बसला की प्राणवायू पोचत नाही आणि काळ जवळजवळ थांबतो. म्हणून गाळात रुतलेला तळ आणि कुशीचा भाग राहतो, वर उरलेलं सगळं जातं. जहाज एका कुशीवर कलंडलं असेल तर ती एक बाजू कठड्यापर्यंत मिळते आणि दुसरी जवळजवळ नाहीच.

टिकलं म्हणजे मजबूत राहिलं असं मात्र नाही. शतकांत लाकडाच्या पेशींमधला भक्कम भाग झिजून जातो आणि पोकळीत पाणी भरतं. तेच पाणी पेशींना आकार देऊन असतं. फळी उन्हात ठेवली की पाणी जाताना पेशींच्या भिंती आत ओढून नेतं, आणि काही दिवसांत ओकची जाड फळी पिळवटून, तडकून निम्मी होते.

त्यामुळे पोल्डरमधल्या जहाजाचं दुखणं विचित्र आहे. ज्या निचऱ्यामुळे ते सापडलं तोच निचरा त्याला संपवतो. शेतीसाठी भूजल खाली ठेवलेलं, म्हणून वरच्या फळ्यांना आता हवा लागते. कोणी हात लावला नाही तरी शेताखाली ते गुपचूप कुजत असतं.

मग सगळी बाहेर का काढत नाहीत?

काढून ठेवणार कुठे आणि कशी? ओलं लाकूड वाचवायचं तर पेशींतल्या पाण्याच्या जागी दुसरं काहीतरी भरावं लागतं. सहसा पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ वापरतात, तोही अगदी सावकाश. स्टॉकहोमचं ‘वासा’ हे जुनं लढाऊ जहाज १९६१ मध्ये वर काढल्यावर त्याच्यावर सतरा वर्षं हा फवारा चालू होता. ब्रेमेनची कॉग १९६२ मध्ये नदीत सापडली आणि तिचं काम संपेपर्यंत शतक संपलं. एवढं करूनही काम संपत नाही. लाकडात मुरलेलं गंधक हवेशी संयोग पावून आम्ल तयार करतं आणि ‘वासा’ची राखण आजही चालूच आहे.

साडेचारशे जहाजांना हे शक्य नाही. बहुतेकांचं उत्खनन झालं, फळी न् फळी मोजून काढली, सामान संग्रहात गेलं आणि लाकूड सोडून द्यावं लागलं. हे ऐकून लोक हळहळतात. पण नीट काढलेल्या नकाशावरून जहाज पुन्हा बांधता येतं, आणि वाईट जपलेल्या लाकडावरून काहीच कळत नाही.

काही जहाजांना वेगळा उपाय केला: पुन्हा पुरायचं. जहाजाभोवती खोलवर प्लास्टिकचं जाड आवरण उभं लावायचं, म्हणजे आतलं पाणी शेताच्या चरांकडे झिरपत नाही. वर मातीची टेकडी करायची. पावसाचं पाणी आत साठतं आणि जहाज पुन्हा त्याच्या ओल्या, बिनहवेच्या अंथरुणात जातं. सपाट शेतात मधेच गवताचा बुटका उंचवटा दिसतो, तो बहुधा असा असतो. एवढ्या कष्टाने आटवलेल्या मुलखात एका बोटीसाठी पाणी परत आणून ठेवायचं, याची तिथल्या लोकांनाही गंमत वाटते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारतींखाली जहाजं आहेत, हे खरं?

खरं, आणि त्यातलं एकही दंतकथा वाटू नये इतकी त्यांची नोंद आहे. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात जहाजं येत राहिली, आणि धक्क्याला लागताच खलाशीही प्रवाशांबरोबर डोंगराकडे पळाले. येर्बा बुएना खाडीत बेवारस जहाजांचं रान झालं. जमिनीवर घरं नव्हती, लाकूड महाग होतं, म्हणून जहाजांचीच गोदामं, खानावळी, निवासगृहं झाली. ‘युफेमिया’ नावाच्या जहाजाचा तुरुंग केला होता.

मग खाडीतल्या पाण्याचेच भूखंड विकायला निघाले. आपला हक्क पक्का करायचा तर त्या जागी काहीतरी उभं हवं, म्हणून लोकांनी जुनी जहाजं आणून तिथे बुडवली. शहरामागच्या वाळूच्या टेकड्या खरवडून खाडी भरली. आज मॉन्टगोमेरी रस्ता आहे तिथे पूर्वी काठ होता, आता पाणी कित्येक चौक पुढे आहे.

‘नियांटिक’ची गोष्ट सर्वांत लांबलेली. हे व्हेलच्या शिकारीचं जुनं जहाज जुलै १८४९ मध्ये प्रवासी घेऊन आलं, खलाशी पळाले, ते काठावर ओढून गोदाम केलं. मे १८५१ च्या आगीत वरचा भाग जळाला, आणि उरलेल्या सांगाड्यावर हॉटेल बांधलं. १८७२ मध्ये हॉटेल पाडताना खालून शॅम्पेनच्या बाटल्या निघाल्या. १९०७ मध्ये ते पुन्हा दिसलं, १९७८ मध्ये पुन्हा. एकच जहाज तीनदा ‘सापडलं’, कारण दरम्यानच्या पिढीला विसर पडलेला. त्याच आगीत जळालेलं ‘जनरल हॅरिसन’ २००१ मध्ये निघालं. १९९४ मध्ये ट्रामचा बोगदा खणताना ‘रोम’ आडवं आलं आणि बोगदा त्याच्या पोटातून गेला. रोज प्रवासी त्यातून जातात, बहुतेकांना पत्ता नसतो.

भरावात जहाज मुद्दाम का टाकायचे?

मातीला कड हवी म्हणून. नुसती माती पाण्यात टाकली तर लाटा तिला वाहून नेतात. जुनं जहाज आडवं बसवून त्यात दगडमाती भरली की तयार भिंत मिळते. न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर १९८२ मध्ये सापडलेलं अठराव्या शतकातलं व्यापारी जहाज याच कामाला लावलेलं होतं. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहराच्या काठावर २०१५ आणि २०१८ मध्ये सापडलेली जहाजंही भरावातलीच.

इस्तंबूलची जहाजं यातच धरायची का?

काटेकोर बोलायचं तर नाही. येनिकापी इथे २००४ पासून रेल्वे आणि मेट्रोसाठी खणताना थिओडोसियस या रोमन सम्राटाच्या नावाचं जुनं बंदर सापडलं आणि त्यातून ३७ जहाजं निघाली, साधारण पाचव्या ते अकराव्या शतकांतली. तिथे समुद्र कोणी हटवला नव्हता. ओढ्याने आणलेल्या गाळाने बंदर आपोआप बुजलं आणि वर भाजीचे मळे झाले. पण टिकण्याची कारणं तीच, सापडण्याचं कारणही तेच, म्हणून अभ्यासक ही एकत्र वाचतात. इटलीत पिसाजवळ १९९८ पासून मिळालेली रोमन काळातली जहाजंही याच माळेतली.

अरल समुद्र आटल्यावर उझबेकिस्तानातल्या मोयनाकच्या वाळूत उभी राहिलेली गंजकी जहाजं मात्र वेगळ्या प्रकारची. ती बुडाली नव्हती, त्यांच्याखालून पाणी काढून घेतलं गेलं.

अशा जहाजाची मालकी कोणाची?

देशागणिक वेगळी. नेदरलँड्समध्ये सापडलेली वस्तू कळवणं बंधनकारक आहे आणि संरक्षित जागी परवानगीशिवाय खणता येत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांनी १९९२ च्या व्हॅलेटा करारानंतर आणखी एक तत्त्व धरलं: ज्याच्या बांधकामामुळे जुनं काही धोक्यात येतं त्याने तपासणीचा खर्च सोसायचा.

युनेस्कोचा २००१ चा करार ‘पाण्याखालच्या’ वारशासाठी आहे. निदान शंभर वर्षं पाण्यात असलेलं जहाज त्यात येतं. शेतातल्या जहाजावरचं पाणी तर कधीच गेलेलं, म्हणून सहसा त्याला जमिनीवरच्या पुरातत्त्वाचेच कायदे लागतात.

प्रत्यक्ष बघायला कुठे जावं?

लेलिस्टाडच्या बाताव्हियालँड या संग्रहालयाला. जहाजांच्या पुरातत्त्वाचं जुनं संग्रहालय आधी केटेलहावन इथे होतं, नंतर सगळं लेलिस्टाडला आलं. आयसेल नदीतून २०१६ मध्ये अखंड उचललेली पंधराव्या शतकातली कॉगही जतनासाठी तिथेच नेली. स्खोकलँडही चुकवू नये. हे पूर्वी बेट होतं, १८५९ मध्ये सरकारने रिकामं करवलं, आणि आता ते शेतांच्या मधोमध उंचवट्यासारखं उभं आहे. जुना धक्का गवतात उतरतो. १९९५ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं, नेदरलँड्समधलं पहिलं.

तिथे विमानंही सापडतात म्हणे?

हो. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांचा मार्ग या पाण्यावरून जायचा. पोल्डर कोरडे झाल्यावर त्यांचे सांगाडेही निघाले, काहींत वैमानिकांसकट.

अजून सापडतील का?

नक्कीच, आणि बहुधा अपेक्षा नसेल तिथे. एस्टोनियात टाल्लिनला २०२२ मध्ये एका इमारतीसाठी खणताना रस्त्याच्या पातळीपासून जेमतेम दीड मीटरवर कॉगचा सांगाडा लागला. लांबी २४ मीटरांहून जास्त, वय सातशे वर्षांच्या घरात. तिथे पूर्वी नदीचं मुख होतं. इतक्या वरवर पडलेल्या जहाजावरून त्याआधी किती वर्षं माणसं आणि गाड्या ये-जा करत होत्या. शहराने ते तुकडे करून सागरी संग्रहालयाकडे नेलं आणि इमारतीचं काम पुढे सुरू झालं.